मनगट नुसतं मुरगळलंय की आत हाड मोडलंय? अंगठ्याजवळचा खळगा सांगतो

ऑक्टोबर महिना. नांदेड, लातूरकडं सोयाबीनच्या काढणीची घाई. त्यात परतीचा पाऊस. लोहा-अहमदपूर पट्ट्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती भिजली की तिचं साबण होतं. गाडी घसरते, माणूस पडतो आणि पडताना सगळेच करतात ती गोष्ट करतो, तळहात पुढं टेकवतो.

मनगट दुखतं, थोडी सूज येते. पण बोटं हलतात. मग कुणीतरी म्हणतं, "बोटं हलायलीत ना? मग मोडलं नाही. मुरगळलंय. चोळून घे."

इथंच गडबड होते.

बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत, असं नाही

बोटं वाकवणारे मोठे स्नायू मनगटात नसतात, ते कोपराच्या खालच्या भागात असतात. तिथून निघालेल्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. त्यामुळं मनगटातलं एखादं हाड तडकलं तरी बोटं व्यवस्थित हलू शकतात.

मनगटात असतं काय?

एका हातात 27 हाडं असतात. बोटांची 14, तळहाताची 5 आणि मनगटाची 8. ही आठ हाडं लहान-लहान खड्यांसारखी असून दोन रांगांत बसलेली असतात. मनगट हलवणारे बहुतेक स्नायू या खड्यांना धरतच नाहीत, ते पुढं तळहाताच्या हाडांना जोडलेले असतात. मग हे खडे जागेवर राहतात कसे? त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांमुळं. या पट्ट्या म्हणजे लिगामेंट, मराठीत अस्थिबंध.

आठ चिंचोके दोऱ्यानं एकमेकांना बांधले आहेत असं समजा. एक दोरा तुटला तरी पुरचुंडी लगेच सुटत नाही, पण चिंचोके हळूहळू सरकायला लागतात.

सगळा भार येतो एका हाडावर

तळहातावर पडलं की मोठा धक्का बसतो तो अंगठ्याच्या बाजूच्या स्कॅफॉइड या हाडाला. आकार होडीसारखा, म्हणून ग्रीक भाषेतल्या होडीवरून हे नाव पडलं. मनगटाच्या आठ हाडांत सर्वांत जास्त मोडणारं हाड हेच, आणि ते मोडतं बहुतेक तरुणांचं. गाडीवरून पडणारे, कबड्डी खेळणारे, माळेगावच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्तीला उतरणारे पोरं याच वयाचे असतात.

या हाडाची अडचण म्हणजे त्याचा रक्तपुरवठा. बहुतेक रक्त हाडाच्या बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि उलटं, कोपराच्या दिशेनं जातं. मधेच तडा गेला की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. कॅनॉलच्या शेवटच्या शेताला पाणी न पोचल्यासारखं. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो आणि काही वर्षांत मनगटाची झीज सुरू होते.

एक्स-रे नॉर्मल आला तरी?

स्कॅफॉइडची बारीक तड पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून शंका असेल तर डॉक्टर आधी हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तोवर तडीच्या कडा झिजून ती दिसू लागते. गरज पडली तर एमआरआय करतात. "पहिला एक्स-रे चांगला होता" म्हणून दुसऱ्या तपासणीला न जाणं, हीच नेहमीची चूक.

स्कॅफॉइड आणि त्याच्या शेजारचं चंद्रकोरीसारखं ल्युनेट यांना बांधणारा अस्थिबंध तुटला तर तो एक्स-रेमध्ये दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली वाढलेली फट. तीही कधीकधी मूठ घट्ट आवळून फोटो काढल्यावरच.

घरी काय बघायचं?

अंगठा वर ताणा. त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, दोन कंडरांमध्ये एक खळगा दिसेल. पूर्वी लोक त्यात तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं.

पडल्यानंतर तिथं बोटानं दाबा. मग दुसऱ्या हातावर तेवढंच दाबून बघा. दुखऱ्या हाताला स्पष्टपणे जास्त दुखलं तर हाड मोडलंय असं समजूनच दवाखाना गाठा. दुखलं नाही, पण वस्तू उचलताना कळ येते, पकड सैल वाटते किंवा मनगटात खटका लागतो, तरीही दाखवा.

काय करू नये?

चोळणं, ओढणं, झटका देऊन "बसवणं" नको. न सरकलेली तड त्यानं सरकू शकते. कामट्या लावून करकचून बांधणं तर त्याहून धोक्याचं. सूज वाढते, रक्त अडतं. बोटं थंड, निळी किंवा बधिर पडली तर पट्टी लगेच सैल करून दवाखान्यात जायला हवं.

तोपर्यंत हात उंच ठेवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, अंगठी आणि बांगड्या काढा. विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्ही सरकारी आहेत आणि दोन्हीकडं हाडांचा विभाग आहे.

वेळेत कळलं तर न सरकलेली तड बहुतेकदा 6 ते 12 आठवड्यांच्या प्लास्टरनं जुळते. ऐन सुगीत हात बांधून बसणं परवडत नाही, हे खरं. पण ज्या हातानं विळा धरायचा, पोतं उचलायचं, गाडीचा क्लच दाबायचा, तो पुढची तीस-चाळीस वर्षं चालवायचाय.