गावची खानावळ शोधायची कशी?

मुलं हाताशी आल्यापासून आम्ही दोघं वर्षातून एकदा चार दिवस फिरून येतो. बहुतेक वेळा कोकणात, मालवण-वेंगुर्ल्याकडे. पैसे मोजकेच असतात, म्हणून राहायला साधी खोली चालते. पण जेवणाबाबत आम्ही हट्टी आहोत. वर्षभर जी बाई घरात रांधते, तिला ते चार दिवस तरी दुसऱ्याच्या हातचं गरम, चवीचं आणि त्या गावचं जेवण मिळायला हवं. पनीरची भाजी काय, आपल्या तालुक्यालाही मिळते. म्हणून गावातल्याच माणसांनी चालवलेली छोटी खानावळ कशी शोधायची, ते आज सांगतो.

आधी कुणाला विचारायचं ते बघू. "इथं चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की लोक सगळ्यात मोठी पाटी दाखवतात. पाहुण्यांना एसी हवा असेल, असं त्यांना वाटतं. काही ठिकाणी तर गिऱ्हाईक नेणाऱ्याला पैसेही मिळतात. आम्ही विचारतो, "तुम्ही स्वतः दुपारी कुठं जेवता?" एसटीचे चालक-वाहक, बदलीवर आलेले बँकेतले कर्मचारी, बाजारपेठेतले दुकानदार यांना विचारा. रोज जेवणाऱ्या माणसाला शिळं चालत नाही आणि महागही परवडत नाही. मासळी बाजारातल्या बाईला विचारलंत तर फारच उत्तम. सकाळी कुठल्या खानावळीचं माणूस ताजे मासे निवडून नेतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

मग वेळ. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात गावातली माणसं जेवतात, तेव्हाच आपणही जावं. तीननंतर उरलंसुरलंच मिळायचं. रात्रीचं जेवण मात्र दुपारीच सांगून ठेवा. कोकणातल्या पुष्कळ घरगुती खानावळींत सांगितलेल्या माणसांपुरतंच रांधतात. आणि सांगितलंत, तर जा. बेत बदलला तर लगेच फोन करा. आपल्या दोन ताटांसाठी त्या बाईनं नारळ खवलेला असतो, मासे आणून साफ केलेले असतात. आपण गेलो नाही तर ते नुकसान तिच्याच पदरात पडतं.

वार आणि महिनाही पाहा. सोमवारी कोकणात अनेक घरांत मासे शिजत नाहीत, श्रावणात तर त्याहून कमी. शिवाय १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ. त्या दिवसांत कुणी "ताजं पापलेट" म्हणालं तर ते बर्फातलं नाही ना, हे विचारून घ्यावं. तेव्हा खाडीचे मासे, सुकट, नाहीतर कुळथाची पिठी आणि भात मागा. पावसाळी हवेत पिठीभाताची चव काही वेगळीच लागते.

आम्हा दोघांत एक मासे खाणारं, एक शाकाहारी. म्हणून बसण्याआधीच विचारतो, शाकाहारी ताटात आज काय आहे आणि ते वेगळ्या भांड्यात करता का? काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, सोलकढी अशी नावं कानावर आली की समजावं, इथं घरचं रांधतात. मासे खाणाऱ्यानं सुरमई-पापलेटच मागावं असं नाही. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं स्वस्त पडतं आणि तिथल्या घरांतली चव तीच. मोठ्या माशाचा दर आकारावर असतो. तो आधी विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही.

आत गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. पदार्थांची यादी छोटी असलेली बरी; एका चुलीवर पन्नास पदार्थ ताजे होत नसतात. भिंतीवर अन्नसुरक्षेचा १४ आकडी नोंदणी क्रमांक असावा. पिण्याचं पाणी कुठून घेतात ते बघा. आणि बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, ते ऑर्डर देण्याआधी विचारा. प्रवासात त्या भीतीनं आपण पाणीच पीत नाही आणि मग दुखणं घेऊन घरी येतो. पाटीवर "परमिट रूम" असेल, तर रात्री तिथं निवांत बसता येईल का, ते डोकावून ठरवा.

निघताना बिलात घासाघीस करू नका. अशा कितीतरी खानावळी बायका चालवतात, भाकरी-वडे त्यांच्याच हातचे असतात. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या. जेवण आवडलं तर आत डोकावून तसं सांगा.

शेवटचं एक. वाढणारा माणूस बहुतेकदा पुरुषालाच विचारतो, "काय आणू?" आणि आपण म्हणतो, "हे घेतील तेच मलाही." मैत्रिणींनो, या चार दिवसांत असं म्हणू नका. आपल्याला काय खायचंय ते आपणच सांगायचं. घरी सगळ्यांची आवड सांभाळणारीनं स्वतःची आवडही उच्चारावी, एवढंच. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.