सोयाबीनचा भाव पन्नासच्या पटीत

संख्या ठरावीक पटीत बसवायची तर तिला त्या आकड्याने भागायचे, भागाकार जवळच्या पूर्णांकावर न्यायचा आणि पुन्हा त्याच आकड्याने गुणायचे. इंदूर हे सोयाबीन व्यापाराचे मोठे केंद्र आहे. तिथल्या मंडीचे रोजचे भाव संगणकावर अभ्यासताना ही कृती पहिल्याच दिवशी लागते. प्रत्येक भाव वेगळा, त्यामुळे कोणता भाव किती दिवस टिकला हे नुसत्या यादीतून कळत नाही. भाव पन्नासच्या पटीत आणले की 4,892 आणि 4,907 हे दोन्ही 4,900 च्या गटात जातात आणि गट मोजता येतात.

खरी अडचण बरोबर मध्यावरच्या संख्येची. 5,325 ला 50 ने भागले की 106.5 येतात. शाळेत शिकवलेल्या नियमाने त्याचे 107, म्हणजे 5,350 होतात. एक्सेलमधले एमराउंड हे सूत्रही तेच देते. पायथन या संगणकभाषेतले राउंड मात्र अशा वेळी जवळची सम संख्या घेते, म्हणून तिथे 106, म्हणजे 5,300 येतात. ही चूक नव्हे. समजा, सगळे भाव पंचवीसच्या पटीत बोलले गेले आणि त्यांतले निम्मे मध्यावर पडले. ते सगळे वर ढकलले तर सरासरी क्विंटलमागे साडेबारा रुपयांनी फुगते. सम संख्येच्या नियमात काही वर जातात, काही खाली, आणि फरक बराचसा मिटतो.

तरीही हा नियम सगळीकडे चालत नाही. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 288-अ नुसार एकूण उत्पन्न दहाच्या पटीत आणताना शेवटचा अंक पाच किंवा त्याहून मोठा असेल तर वरच जावे लागे. त्या नियमाने 4,56,785 चे 4,56,790 व्हायला हवेत. पायथनचे राउंड 4,56,780 देते. म्हणून मध्यावरच्या संख्येचे काय करायचे हे कामाच्या नियमाप्रमाणे ठरवून कोडमध्ये स्पष्ट लिहावे लागते. संगणकाच्या सवयीवर ते सोडणे धोक्याचे आहे.

पट अपूर्णांकात असेल तर आणखी एक खाच आहे. मालातला काडीकचरा 0.3 टक्के असेल आणि तो 0.1 च्या पटीत खाली आणायचा असेल, तर उत्तर 0.3 च यायला हवे. पण संगणक या संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्यात 0.1 तंतोतंत बसत नाही. भागाकार 2.9999999999999996 येतो, खालचा पूर्णांक 2 ठरतो आणि उत्तर 0.2 मिळते. एवढ्या फरकाने मालाचा दर्जा चुकीचा नोंदला जाऊ शकतो. सोपा उपाय म्हणजे मोजमाप दशांशाऐवजी पूर्णांकात ठेवणे: 0.3 टक्क्यांऐवजी 3 दशांश टक्के.

उणे संख्यांचेही तसेच. भाव 60 रुपयांनी उतरला, तर उणे 60 ला पन्नासच्या पटीत ‘खाली’ आणल्यावर उणे 100 येतात. अपूर्णांक नुसता छाटला तर उणे 50.

गोल केलेले आकडे मूळ आकड्यांच्या जागी लिहू नयेत, शेजारच्या नव्या स्तंभात ठेवावेत. उदाहरणार्थ, सोयाबीनचा हमीभाव 2024-25 मध्ये 4,892 रुपये होता, 2025-26 मध्ये 5,328 झाला, वाढ 8.9 टक्के. दोन्ही आकडे आधी पन्नासच्या पटीत आणले, तर 4,900 आणि 5,350 वरून तीच वाढ 9.2 टक्के निघते.