अ‍ॅडव्हान्स भरला म्हणजे कार्ड आपलं झालं का?

ग्राफिक्स कार्ड बुक करून ताटकळलेल्या माणसाशी पेणमध्ये बोला की रोह्यात, दोन-चार वाक्यांनंतर तो एकच गोष्ट सांगतो: "माझं कार्ड आलं होतं हो, दुकानदाराने ते दुसऱ्याला जास्त पैशांत दिलं." कशावरून, असं विचारलं की उत्तर नसतं. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा असो, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असो, की गेमिंगसाठी वर्षभर पैसे साठवलेला मुलगा असो, समज तोच. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, आणि त्यात नुकसान ग्राहकाचंच होतं. जे सिद्ध करता येणार नाही त्यावर तो तावातावाने भांडतो आणि जे कायद्याने त्याच्या हक्काचं आहे ते मागायचं राहून जातं.

हा समज आपल्याकडे इतका पक्का का, हे पेणच्या माणसाला कळायला जड नाही. इथे बुकिंग म्हटलं की गणपतीची मूर्ती डोळ्यांपुढे येते. पेणच्या किंवा हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात जायचं, मूर्ती निवडायची, थोडे पैसे द्यायचे, आणि कारखानदार आपल्या नावाची चिठ्ठी त्या मूर्तीला लावतो. त्या घडीपासून ती मूर्ती आपली. पुढे ती दुसऱ्याला दिली तर ती सरळ फसवणूक. ग्राफिक्स कार्डाच्या बुकिंगमध्ये चिठ्ठी लावायला वस्तूच समोर नसते. आपण पैसे भरतो त्या दिवशी ते कार्ड बऱ्याचदा बनलेलंही नसतं, आणि बनलं असलं तरी ते कोणत्या देशात, कोणत्या वितरकाकडे जाणार हे ठरलेलं नसतं. आपल्याला मिळते ती रांगेतली जागा.

ही माझ्या मनाची वाटणी नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० याचं कलम १८ नेमकं हेच सांगतं. सौदा झाला तरी नेमकी कोणती वस्तू द्यायची हे निश्चित होत नाही, तोवर तिची मालकी ग्राहकाकडे जात नाही. चिठ्ठी लागलेली मूर्ती ही निश्चित वस्तू आहे. 'आरटीएक्स ५०७० टीआय, एक नग' ही नाही. दुकानात आलेल्या एखाद्या खोक्यावर आपलं नाव लिहिलेलं नसेल, तर 'माझं कार्ड विकलं' म्हणायला कायद्यात आधार उरत नाही. वचन मोडलं असं म्हणता येतं, आणि त्याची दाद मागता येते. त्याकडे पुढे येतोच.

मग माल अडतो कुठे? आरटीएक्स कार्डांमागची कंपनी एनव्हिडिया स्वतः चिप बनवत नाही. आराखडा तिचा, चिप बनते तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात. मेमरी येते सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडून. या दोन्ही गोष्टी एकत्र करून, पंखे आणि हीटसिंक बसवून कार्ड तयार करतात आसूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक यांसारख्या कंपन्या. तिथून भारतातले आयातदार-वितरक, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातले मोठे डीलर, आणि शेवटी पेण-रोह्यातलं दुकान. ज्याची वर्षाची उलाढाल मोठी त्याला वितरक आधी माल देतो. तालुक्याच्या गावचा दुकानदार या साखळीचं शेवटचं टोक आहे. टंचाईच्या दिवसांत त्याच्या वाट्याला एखाद-दुसरा नग आला तरी पुष्कळ. जास्त पैसे देणाऱ्याला पुढे घालणारे दुकानदार नसतातच असं मी म्हणत नाही. पण जो माल साखळीतून खाली उतरलेलाच नाही, तो दाबून ठेवता येत नाही.

तो उतरत का नाही, याचं उत्तर एनव्हिडियाच्या हिशेबात आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीचा महसूल होता १३०.५ अब्ज डॉलर. त्यातले ११५.२ अब्ज डॉलर डेटा सेंटरमधून आले, म्हणजे मुख्यतः एआयसाठी लागणाऱ्या चिपमधून. गेमिंगचा वाटा ११.४ अब्जांच्या आसपास, शेकडा नऊसुद्धा नाही. दोन्हींच्या चिप टीएसएमसीकडेच बनतात. कारखान्याची क्षमता मोजकी असेल तर ती कोणत्या मालाकडे वळेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. मेमरीचंही तेच. एआयची मागणी इतकी वाढली की डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रूशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. रोह्याच्या दुकानदाराने ठरवलं तरी यातलं काही बदलत नाही.

आणि हे यंदाच घडलं असंही नाही. १७ सप्टेंबर २०२० रोजी आरटीएक्स ३०८० विक्रीला आलं तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा साठा काही मिनिटांत संपला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. ३० जानेवारी २०२५ रोजी आरटीएक्स ५०९० आणि ५०८० बाजारात आली, तेव्हा माल संपू शकतो असं कंपनीने विक्री सुरू होण्याआधीच सांगून ठेवलं होतं. भारतातली तेव्हाची जाहीर किंमत ५०९० ला २ लाख १४ हजार रुपये, ५०८० ला १ लाख ७ हजार. एवढे पैसे मोजायला तयार असलेले लोकही जगभर रांगेत होते.

इथवर दुकानदाराची बाजू झाली. आता त्याला सोडणार नाही, कारण दुसरा गैरसमज त्याने पसरवलेला आहे: 'बुकिंगची रक्कम परत मिळत नाही.'

या बुकिंगच्या पावत्या पाहिल्या की मला खरोखर राग येतो. वहीतून फाडलेला कागद, कोपऱ्यात दुकानाचा रबरी शिक्का, खाली निळ्या शाईत एक ओळ: '५०७० टीआय, अ‍ॅडव्हान्स २०,०००, बाकी माल आल्यावर.' कोणत्या कंपनीचं कार्ड, ते नाही. पूर्ण मॉडेल नाही. एकूण किंमत नाही. कधी देणार, ती तारीख नाही. फक्त घेतलेले वीस हजार तेवढे अंकांत नीट लिहिलेले. पुढे माल आला की त्याच कागदाच्या जोरावर सांगितलं जातं, "रेट वाढलाय, सात हजार जास्त पडतील." आणि नको म्हटलं की, "मग अ‍ॅडव्हान्स विसरा."

ज्या गावाने २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडताना पाहिली, तिथे एकदा दिलेला पैसा गेलाच असं माणसाला लगेच वाटतं. ठेवीदारांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे इथल्या लोकांच्या आठवणीत आहेत. पण अ‍ॅडव्हान्सची गोष्ट वेगळी आहे, आणि म्हणूनच ती ठासून सांगायला हवी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(७) प्रमाणे पूर्ण पैसे भरलेलाच नव्हे, तर काही भरून बाकीचे द्यायचं कबूल केलेला माणूसही ग्राहक ठरतो. म्हणजे वीस हजार भरलेल्या दिवसापासून आपण ग्राहक आहोत, कार्ड हातात आलेलं असो वा नसो.

तारीख ठरली होती, ती महत्त्वाची आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ती टळली, तर भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ नुसार ग्राहकाला सौदा मोडता येतो. तारीख लिहिलेलीच नसेल तर कलम ४६ म्हणतं की काम वाजवी मुदतीत झालं पाहिजे. 'माल आल्यावर' लिहिलं म्हणून दुकानदाराला पैसे वर्षभर वापरायची मुभा मिळत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांबाबत तर २०२० चे ई-कॉमर्स नियम याहून स्पष्ट आहेत. सांगितलेल्या तारखेच्या नंतर वस्तू आली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त त्याच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. मुदतीच्या आत, आपल्यालाच नको झालं म्हणून बुकिंग रद्द केलं, तर मात्र पावतीवरच्या अटी आडव्या येऊ शकतात. हा फरक ग्राहकानेही मान्य केला पाहिजे.

त्या वाढीव सात हजारांबद्दल. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४१) मध्ये 'निर्बंधक व्यापारी प्रथा' कशाला म्हणायचं ते दिलंय. कबूल केलेल्या मुदतीपेक्षा जास्त उशीर करणं, आणि त्या उशिरामुळे किंमत वाढणं किंवा वाढण्याची शक्यता निर्माण होणं, हा तिचा पहिलाच प्रकार. म्हणजे जो प्रकार आपण 'काय करणार, टंचाई आहे' म्हणून गिळतो, तो कायद्याने नाव घेऊन नोंदवलेला आहे. पण त्यासाठी मुदत आणि किंमत कागदावर हवी. म्हणून पैसे देतानाच पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: कंपनीसह पूर्ण मॉडेल, जीएसटी धरून एकूण किंमत, माल देण्याची शेवटची तारीख, आणि ती टळली तर किती दिवसांत पैसे परत. दुकानदार तारीख लिहायला तयार नसेल तर पैसे खिशात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर "पुढच्या आठवड्यात नक्की" असे आलेले मेसेज पुसू नका. तीच पुढे तारीख ठरते.

एडिटिंगचा व्यवसाय करणाऱ्यांना आणखी एक भीती घातली जाते, की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक तक्रार होत नाही. अर्धवट माहिती. स्वतःच्या हाताने काम करून त्यावर पोट भरणारा माणूस कलम २(७) च्याच स्पष्टीकरणात ग्राहकच धरलाय. स्वतः एडिटिंगला बसणारा व्हिडिओग्राफर त्यात येतो. पन्नास संगणकांचा स्टुडिओ चालवणारी कंपनी येत नाही.

बाकीचे समज थोडक्यात सांगतो, कारण त्यांना याहून जास्त जागा द्यावी असं मला वाटत नाही.

'सगळी कार्डं मायनिंगवाले उचलतात.' २०२१ मध्ये यात पुष्कळ तथ्य होतं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावरचं ते मायनिंग संपलं. आजच्या टंचाईला ते कारण लावू नका.

'जाहीर किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणं गुन्हा आहे.' गुन्हा आहे तो खोक्यावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेणं. कंपनीने जाहीर केलेली सुरुवातीची किंमत वेगळी, स्टिकरवरची एमआरपी वेगळी, आणि दुसरी बहुधा बरीच वर असते. भांडायच्या आधी खोकं उलटून बघा.

'टंचाईत जीएसटी जास्त लागतो.' नाही. ग्राफिक्स कार्डावर तो १८ टक्केच आहे.

'हायवेमुळे माल अडकलाय.' मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे, वडखळची कोंडीही. त्याने कुरिअर एक दिवस उशिरा येईल. दोन महिन्यांच्या उशिराला हे कारण देणारा दुकानदार खोटं बोलतोय.

'सोबत पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड घेतला तरच कार्ड मिळेल, असा नियमच आहे.' असा कुठलाही नियम नाही. एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणं हाही कलम २(४१) मधलाच प्रकार.

'लॅमिंग्टन रोडला जाऊन रोख दिले की बिलाशिवाय लगेच मिळतं.' मिळेलही. पण पुढे पंखा बंद पडला किंवा पडद्यावर रेघा आल्या की वॉरंटीसाठी बिल मागतात, आणि ग्राहक म्हणून पैसे भरल्याचा पुरावाही तोच असतो. मागूनही बिल न देणं ही स्वतंत्र अनुचित प्रथा आहे, कलम २(४७) प्रमाणे.

शेवटचा गैरसमज सर्वांत जास्त लोकांना घरी बसवतो: 'दुकान दिल्लीचं, आपण रोह्याचे, तक्रारीसाठी दिल्लीला कोण जाणार?' कोणालाही जावं लागत नाही. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. पेण-रोह्याच्या माणसासाठी तो रायगड जिल्हा ग्राहक आयोग, अलिबागला. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणजे बाजारातलं जवळजवळ कुठलंही गेमिंग कार्ड त्यात बसतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुष्कळ कंपन्या तेवढ्यावर पैसे परत करतात. जमलं नाही तर विक्रेत्याला स्पीड पोस्टाने पत्र: किती पैसे कधी भरले, कोणती तारीख ठरली होती, आणि पंधरा दिवसांत रक्कम परत हवी. पोचपावती, यूपीआयची नोंद आणि ती बुकिंगची पावती एकत्र जपून ठेवा. तक्रार करायला मुदत दोन वर्षांची आहे, वकील लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते.