पेपरच्या शेवटी आभार असतात ते वाचा: फाउंडेशनचा पैसा संशोधनात नेमकं काय करतो?

कुठलाही रिसर्च पेपर उघडा. शेवटी संदर्भांच्या जरा वर तीन-चार ओळींचे आभार असतात. या कामाला अमुक संस्थेनं अर्थसाहाय्य केलं, तमुक फाउंडेशनची फेलोशिप होती, वगैरे. नेट-सेट किंवा पेटची तयारी करणारे आपण हा भाग सहसा सोडून देतो. पण संशोधनात यायचं असेल तर तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, कारण हाच प्रश्न का विचारला गेला आणि शेजारचा का नाही, याचं अर्धं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. भारतीय कायद्यात 'फाउंडेशन' नावाचा वेगळा प्रकार नाही. पाटीवर फाउंडेशन किंवा प्रतिष्ठान लिहिलेलं असतं, पण कागदोपत्री ती संस्था सार्वजनिक न्यास तरी असते, सोसायटी तरी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी तरी. महाराष्ट्रात न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते, 1950 च्या कायद्यानुसार. परदेशातून पैसा येणार असेल तर 2010 चा एफसीआरए लागतो. त्यात 2020 मध्ये बदल झाला आणि आलेला पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला वाटण्यावर बंदी आली. एवढं डोक्यात ठेवलं की पुरे, बाकीचं तुमच्या विद्यापीठाचा अकाउंट विभाग तुम्हाला शिकवेलच!

खरा मुद्दा वेगळा आहे. सरकारच्या पैशामागे अंदाजपत्रक असतं, 31 मार्च असतो, लेखापरीक्षण असतं. कंपनीच्या पैशामागे विकता येईल अशी वस्तू असते. फाउंडेशनचा पैसा या दोन्हींपेक्षा मोकळा. चार-पाच विश्वस्तांना पटलं की झालं. त्यामुळे तो लवकर येऊ शकतो आणि ज्याचा निकाल दहा वर्षं लागणार नाही अशा कामातही घालता येतो. याच मोकळेपणाची दुसरी बाजू अशी की ते विश्वस्त कुणी निवडून दिलेले नसतात. प्रश्न कुठला महत्त्वाचा हे तेच ठरवतात, आणि कधी थांबायचं हेही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून पुण्याचंच उदाहरण घेऊ. कोरोनाच्या काळात 'एनआयव्ही'चं नाव घरोघरी पोचलं. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. तिचा जन्म 1952 चा, आणि तेव्हाचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि न्यूयॉर्कचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती काढली.

रॉकफेलरला पुण्यात काय रस? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1913 साली स्थापन झालेल्या या फाउंडेशननं पीतज्वरावर प्रचंड काम केलं होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी लस तयार केली आणि 1951 चं नोबेल त्यांना मिळालं. हे काम चालू असताना आफ्रिकेच्या जंगलात डासांमधून, माकडांमधून भलतेच नवे विषाणू हाती लागत होते. 1947 मध्ये युगांडात सापडलेला झिका त्यातलाच. मग फाउंडेशननं ठरवलं की डास, गोचीड अशा किटकांमधून पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घ्यायचा. पुणे, त्रिनिदाद, ब्राझीलमधलं बेलेम अशा ठिकाणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. म्हणजे पुण्याच्या संस्थेचा मूळ प्रश्न पुण्यात ठरलेला नव्हता.

हे वाचून लगेच 'बघा, परकीय अजेंडा' असं म्हणायचा मोह होतो. थोडं थांबा. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली. आसपासच्या गावांत माणसांनाही जोराचा ताप येऊ लागला. माकडं मरतात आणि पाठोपाठ माणसं आजारी पडतात, हे लक्षण पीतज्वराचं. आशियात तो कधी आलेला नव्हता, आणि आला असता तर तो पसरवणारा डास आपल्याकडे मुबलक होताच. पुण्याहून टेलफोर्ड वर्क यांचा गट तिकडे गेला. निदान निघालं वेगळंच: नवा विषाणू, गोचिडींमधून पसरणारा, रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या जवळचा. हाच तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडचा माकडताप. 2015 मध्ये तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना आज हा रोग काय आहे हे माहीत आहे, कारण पाच वर्षांपूर्वीच उभी राहिलेली, नेमकं हेच शोधायला तयार असलेली एक प्रयोगशाळा 1957 मध्ये हाताशी होती. अशी प्रयोगशाळा साथ आल्यावर बांधता येत नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. त्याच दशकात देवी हा विषाणूजन्य रोग भारतात दरवर्षी हजारोंचे बळी घेत होता. या केंद्राची रचना त्यासाठी नव्हती. फाउंडेशननं काही चुकीचं केलं असं मला म्हणायचं नाही, कारण एक संस्था सगळं करू शकत नाही. पण 'विषाणू संशोधन केंद्र' हे नाव ऐकून जे वाटतं आणि प्रत्यक्षात जे प्रश्न तिथे हाताळले जात होते, त्यात अंतर होतं. आणि ते अंतर पैसा देणाऱ्याच्या इतिहासातून आलं होतं.

पुढे काय झालं? सुरुवातीला फाउंडेशनची माणसं संचालक होती. इथली माणसं तयार झाली, टी. रामचंद्र राव यांच्यासारखे भारतीय कीटकशास्त्रज्ञ संचालक झाले. 1967 मध्ये रॉकफेलरनं हात काढून घेतला आणि सगळा खर्च वैद्यकीय संशोधन परिषदेवर आला. 1978 मध्ये नाव बदललं, आणि किटकांपलीकडचे विषाणूही कामात आले. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच, आणि नेमका तोच फारसा सांगितला जात नाही. फाउंडेशन गेल्यावर संस्था टिकली, कारण खर्च उचलणारं कुणीतरी आधीपासून भागीदार होतं. ते नसतं तर इमारत राहिली असती आणि आत कुलपं लागली असती.

टाटांच्या न्यासाची गोष्ट याच वाटेनं जाते. होमी भाभांनी 12 मार्च 1944 ला सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था मागितली. टीआयएफआरचं पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं 80,000 रुपये. त्यातले 45,000 ट्रस्टचे, 25,000 मुंबई सरकारचे आणि 10,000 सीएसआयआरचे. म्हणजे निम्म्याहून जास्त भार न्यासाचा, तोही संस्थेकडे दाखवण्यासारखं काहीच नसताना. पुढे सरकारचा वाटा वाढत गेला आणि ट्रस्टचा वाटा नगण्य झाला. टाटा स्मारक रुग्णालयाचंही तसंच: 1941 मध्ये न्यासानं सुरू केलं, 1957 मध्ये केंद्र सरकारकडे गेलं. पहिली काडी फाउंडेशननं ओढायची आणि चूल पुढे सरकारनं पेटती ठेवायची, असा हा प्रकार.

ज्या कामाला असा एक मोठा धनी मिळत नाही, त्याचं काय होतं? भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती बघा. 1919 ला काम सुरू, 1966 ला पूर्ण. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपयांचं वचन दिलं, निजामानं अनुदान दिलं, सरकारांनी दिलं. सत्तेचाळीस वर्षं झोळी फिरती. हस्तलिखितं जुळवणाऱ्या संपादकांच्या बरोबरीनं हा पैसा गोळा करणाऱ्यांवरही कुणीतरी पीएचडी करायला हवी (विषय शोधत असाल तर घ्या).

आता तुमच्या कामाचं. फाउंडेशनच्या फेलोशिपला अर्ज करताना तिच्या आधीच्या पाच-सहा फेलोंचे विषय बघा. जाहिरातीत 'सर्व विषय' लिहिलेलं असतं, यादी वेगळं सांगते. निष्कर्ष विरोधात गेले तरी छापायची मुभा आहे का, हे करारात शोधा, आणि नसेल तर गाईडला विचारा. आणि मुदत संपल्यावर काय, हे आधीच ठरवा.

हे शेवटचं क्षुल्लक वाटतं म्हणून एक उदाहरण. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या याच केंद्राला एक नवा विषाणू सापडला. रोग गंभीर नव्हता, म्हणून नोंद झाली आणि विषय मागे पडला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. कारण होतं चांदीपुरा विषाणू, आणि तो ओळखता आला कारण अडतीस वर्षांपूर्वीची ओळख नोंदलेली होती. 1965 चं ते काम चालू असताना रॉकफेलर अजून भागीदार होतं, 2003 पर्यंत ते जाऊन साडेतीन दशकं झाली होती. मधल्या काळात फ्रीझरचं वीजबिल भरण्याला कुणी 'नावीन्यपूर्ण संशोधन' म्हणालं नसतं. तुमच्या प्रपोजलच्या बजेटमध्ये नमुने आणि नोंदी जपण्याचा रकाना आहे का, आणि तो तिसऱ्या वर्षाच्या पुढे जातो का, तेवढं बघून ठेवा.