कपाटाच्या दाराची कमानदार पट्टी : आखणी व कापणीचा क्रम

लाकडी कपाटाच्या दाराची चौकट दोन उभ्या व दोन आडव्या पट्ट्यांची असते. वरच्या आडव्या पट्टीची खालची कड कमानदार करावयाची असल्यास प्रथम त्रिज्या निश्चित करावी लागते. अर्ध्या जीवेचा वर्ग व कमानीच्या उंचीचा वर्ग यांच्या बेरजेस उंचीच्या दुपटीने भागले असता ती मिळते. उभ्या पट्ट्यांमधील अंतर ४०० मिमी व कमानीची उंची ५० मिमी असल्यास त्रिज्या ४२५ मिमी येते. पॅनल खोबणीत १० मिमी शिरणार असेल, तर त्याचा वरचा कंस त्याच केंद्रातून ४३५ मिमी त्रिज्येने आखावा. त्यामुळे ते सर्वत्र सारखेच आत बसते.

कापणीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. कमानीच्या दोन्ही टोकांशी लाकडाचे तंतू तिरपे छेदले जाऊन आखूड होतात व तेथील कोपरे सहज तुटतात. म्हणून सांध्याचे कुसू फळी आयताकृती असतानाच काढावे आणि कमान त्यानंतर कापावी. कड तासताना हत्यार टोकांकडून मध्याकडे चालवावे. पावसाळ्यात पॅनल रुंदीत फुगते. त्यास सरस न लावता बाजूंच्या खोबणींत थोडी जागा न ठेवल्यास अचूक आखलेली चौकटही सांध्यांत उकलते.