इमारत बांधून देता येते, पण संसद?

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण बालवाडीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख दे असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. अजूनही कोणी ‘एकोणपन्नास’ म्हटलं की ते फॉर्टी-नाइन की फिफ्टी-नाइन, यावर मला दोन सेकंद लागतात. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, मुद्दा तेवढा बघा!

मुद्दा सुरू झाला सेमिनारपासून. आम्हा सिव्हिलवाल्यांना थर्ड इयरला एक सेमिनार द्यावा लागतो. कोणी ग्रीन काँक्रीट घेतं, कोणी मेट्रोचे बोगदे. मी जरा हटके विषय निवडला : काबूलमधली अफगाण संसदेची इमारत. ही इमारत भारताने अफगाणिस्तानला भेट म्हणून बांधून दिली. २००५ साली तिथले माजी राजे झहीर शाह यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा आपले पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग काबूलमध्ये होते. काम आपल्या सीपीडब्ल्यूडीने पाहिलं. बरीच रखडपट्टी होऊन शेवटी २५ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मधोमध भला मोठा घुमट, दोन सभागृहं, सगळं कसं झोकात.

सेमिनार छान झाला. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, “इमारत उत्तम आहे. हल्ली तिथे अधिवेशन कधी भरतं?”

उत्तर मला माहीत होतं, पण द्यायला जीभ रेटेना. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं. त्यानंतर निवडून आलेली संसद तिथे बसलेलीच नाही.

“म्हणजे स्ट्रक्चर पास आणि प्रोजेक्ट नापास,” सर म्हणाले. वर्ग हसला. मला मार्कही बरे पडले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

रात्री मेसमध्ये मी हा किस्सा सांगितला आणि टेबलावर दोन पार्ट्या पडल्या. पहिली पार्टी म्हणाली, “त्या लोकांना लोकशाही नकोच होती गं. उगाच कशाला द्यायला जायचं?” दुसरी पार्टी म्हणाली, “अमेरिका जिथे हात घालते तिथे वाट लागते. बाहेरून लोकशाही कधी येतच नाही.” दोन्ही वाक्यं इतकी सोपी होती की मलाही क्षणभर दोन्ही पटली! टेबलाच्या टोकाला आमच्याच होस्टेलमधली एक सीनियर जेवत होती. ती एम.टेक. करते आणि ती काबूलची आहे. ती काहीच बोलली नाही. ताट उचलून निघून गेली. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की आपण ज्याला ‘टॉपिक’ म्हणतो ते कोणाचं तरी घर असतं.

मग मी वाचायला बसले. आधी दुसऱ्या पार्टीचं बघू. बाहेरून लोकशाही कधीच येत नाही का? मग जपानचं काय?

दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर १९४५ ते १९५२ जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. कारभार होता अमेरिकन जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्याकडे. जपानी सरकारने तयार केलेला नव्या घटनेचा मसुदा त्यांना फारच जुन्या वळणाचा वाटला. म्हणून फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी अवघ्या एका आठवड्यात नवा मसुदा लिहून काढला. (आपण सबमिशन लिहितो तसा!) त्यातली स्त्रियांच्या हक्कांची कलमं लिहिणारी बिएट सिरोटा होती फक्त २२ वर्षांची. म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. तीच घटना ३ मे १९४७ पासून लागू झाली आणि आजवर तिच्यात एकही दुरुस्ती झालेली नाही.

बघा, म्हणजे परक्यांनी लिहिलेली घटना टिकली की! मग ‘कधीच नाही’ हे म्हणणं चुकीचं ठरतं. पण इथेच थांबलं तर मॅकआर्थरसाहेबांनी जादू केली असं वाटेल. थोडं मागे जाऊन पाहिलं तर वेगळंच दिसतं. जपानची पहिली लिखित घटना १८८९ ची आणि पहिली संसद १८९० ची. सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला १९२५ मध्ये. पक्ष होते, निवडणुका होत्या, वर्तमानपत्रं होती. पुढे लष्कराने सगळं गिळलं, पण सवय मोडली तरी आठवण शिल्लक होती. शिवाय परक्या सेनेने जपानचं सरकारी यंत्र मोडलं नाही. जपानी मंत्री आणि जपानी कारकून यांच्यामार्फतच कारभार चालवला. परक्यांचा मसुदाही जपानी लोकांनी जसाच्या तसा घेतला नाही. अमेरिकनांनी एकच सभागृह सुचवलं होतं, जपान्यांनी दोन मागून घेतली. किमान बऱ्या जीवनमानाचा हक्क देणारं कलम तर संसदेतल्या चर्चेत जपानी सदस्यांनी घातलं. आणि सिरोटाही अगदी परकी नव्हती. तिचं बालपण टोकियोत गेलं होतं, ती जपानी बोलायची.

पश्चिम जर्मनीचंही तेच. १९४९ ची घटना लिहिली ती जर्मन लोकांच्याच परिषदेने, दोस्तांनी फक्त चौकट आखली आणि मंजुरी दिली. पहिले चान्सलर कोनराड आडेनॉवर हे हिटलर येण्याआधी कोलोन शहराचे महापौर होते. म्हणजे लोकशाहीत काम केलेली माणसं तिथे जिवंत होती.

आमच्या भाषेत सांगायचं तर जपान आणि जर्मनीत झालं ते नवं बांधकाम नव्हतं, ते रेट्रोफिटिंग होतं. वरची इमारत कोसळली होती, पाया जमिनीत होता. बाहेरच्यांनी आधार दिला, त्यावर घरच्यांनी भिंती उभ्या केल्या. इराकमध्ये २००३ साली बरोबर उलटं केलं गेलं. सद्दाम हुसेन यांना हटवल्यावर मे महिन्यात अमेरिकन प्रशासकाने बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं आणि अख्खं सैन्य बरखास्त केलं. निवडणूक होईपर्यंत जानेवारी २००५ उजाडलं. तोपर्यंत बंदुका असलेले लाखो बेकार लोक रस्त्यावर आले होते. खांब तोडून स्लॅब टाकायला निघाल्यासारखं हे झालं.

आता अफगाणिस्तान. पहिली पार्टी म्हणते त्यांना लोकशाही नकोच होती. इथे मी सरळ चुकीची होते, कारण मीही तेच धरून चालले होते. झहीर शाह यांच्या काळात १९६४ ची घटना आली, तिने स्त्रियांनाही मत दिलं. १९६५ आणि १९६९ ला निवडणुका झाल्या. ही सुरुवात त्यांची स्वतःची होती. १९७३ मध्ये राजाच्या चुलतभावाने सत्ता उलथवली, मग सोव्हिएत फौजा, मग यादवी, मग तालिबान. म्हणजे तिथेही पाया खोदायला घेतला होता, पण काँक्रीट सेट होण्याआधीच वरून गाड्या गेल्या.

२००१ मध्ये अमेरिका आणि तिची मित्रराष्ट्रं आली. जानेवारी २००४ मध्ये नवी घटना मंजूर झाली. कागदावर ती झकास होती. कनिष्ठ सभागृहाच्या २४९ जागांपैकी ६८ स्त्रियांसाठी राखीव! मग घोडं अडलं कुठे? मला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे सगळी सत्ता वर आणि खाली काहीच नाही. प्रांतांचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमायचे. जिल्हा परिषदांच्या निवडणुका होतील असं घटनेत लिहिलं होतं, त्या शेवटपर्यंत झाल्याच नाहीत. संसदेसाठी जी मतदानपद्धत निवडली तिच्यात पक्षांना जागा नव्हती, जो तो एकटा उभा. काबूल प्रांतात तर शेकडो उमेदवार. आता विचार करा, पक्ष नाही आणि गावची पंचायत नाही, तर हरलेल्या माणसाने पुढची पाच वर्षं करायचं काय? लोकशाहीत जिंकणाऱ्याला शिकवावं लागत नाही. हरणाऱ्याला मात्र ‘आज हरलो, उद्या बघू’ असं वाटायला हवं, त्यासाठी त्याला उद्या कुठेतरी जागा हवी. तिथे ती नव्हती. २००९ ला दहा लाखांहून अधिक मतं बनावट ठरून बाद झाली. २०१४ ला निकालावरून एवढं भांडण झालं की अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी येऊन दोन्ही उमेदवारांना सत्ता वाटून दिली. २०१९ नंतर तर कहरच झाला. ९ मार्च २०२० ला अश्रफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला या दोघांनीही, एकाच शहरात, एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली!

दुसरी गोष्ट पैशांची. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ च्या आधी तिथल्या सरकारी खर्चाचा साधारण तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून यायचा. हे समजायला आपली मेस पुरेशी आहे. मेसबिल आपण भरतो म्हणून पनीरचे तुकडे मोजतो, डाळीत डाळ कुठे आहे असं विचारतो, कमिटीला धारेवर धरतो. उद्या आपलं बिल कोणी परस्पर भरलं, तर मेसवाला आपलं ऐकेल की बिल भरणाऱ्याचं? काबूलच्या सरकारचं तेच झालं. त्याचं तोंड आपल्या मतदाराकडे असण्याऐवजी देणगीदाराकडे राहिलं. आणि २९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये अमेरिकेने सैन्य काढून घेण्याचा करार केला तो थेट तालिबानशी. निवडून आलेलं सरकार त्या करारात नव्हतंच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या सीनियरच्या खोलीवर गेले, मेसमधल्या बोलण्याबद्दल सॉरी म्हणायला. तिचं हिंदी सिनेमांतून शिकलेलं, माझ्यापेक्षा बरं आहे. ती म्हणाली, “मी २०१९ ला मत दिलंय. पहिलं आणि शेवटचं. आई नको म्हणत होती. बोटाला शाई लागली की ती आठवडाभर लपवायची कशी?” हे ती नाट्यमय करून सांगत नव्हती. २०१४ च्या निवडणुकीत हेरात प्रांतात ११ म्हाताऱ्या माणसांची शाई लावलेली बोटं तालिबानने छाटली होती. २०१९ मध्ये ९६ लाख नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम १८ लाखांची मतं मोजली गेली, त्यातलं एक तिचं. तिची धाकटी बहीण काबूलमध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांचे दरवाजे बंद केले, तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती.

“नकोच होती, असं तेवढं म्हणू नका,” ती म्हणाली. “आम्हाला हवी होती. पण ती आमच्या हातात कोणी दिलीच नाही.”

बाहेरचा माणूस आला की बिघडतंच, असंही नाही बरं का. आपल्याच सातारा भागात औंध नावाचं ७२ गावांचं छोटं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये स्वतःचा अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. ती घडवायला गांधीजींचा सल्ला होता आणि मदतीला होते मॉरिस फ्रिडमन, पोलंडचे, आणि मुख्य म्हणजे इंजिनिअर! (कॉलर टाइट!) पण फ्रिडमन फौज घेऊन आले नव्हते. बोलावलं म्हणून आले, आणि कारभार गावपंचायतींच्या हाती राहिला.

तर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देते आहे. इमारत बाहेरून बांधून देता येते. घटनेचा मसुदा बाहेरून लिहून देता येतो, शाई पाठवता येते, मतपेट्या पाठवता येतात. हरल्यावर खुर्ची सोडायची सवय आणि आपल्या पैशांचा हिशेब मागायची सवय मात्र पार्सलने येत नाही. जिथे ती थोडीतरी होती तिथे बाहेरच्या मदतीने ती वाढली. जिथे ती वाढायला खाली जागाच ठेवली नाही तिथे घुमट तेवढा उरला. प्रोजेक्ट नापास झाला हे खरं, पण नापास कोणाला करायचं ते ठरवताना शाई लावून रांगेत उभ्या राहिलेल्यांची नावं कृपया त्या यादीत घालू नका.

जाता जाता अजून एक कबुली. २०२४ च्या लोकसभेला माझं पहिलं मत होतं. मी घरी गेलेच नाही. सबमिशन होतं, ऊन होतं, एसटीला गर्दी होती. हे मी त्या खोलीत बसून तिला सांगू शकले नाही. इथे सांगते आहे, कारण हा अंक तीही वाचेल, निदान मैत्रिणीकडून वाचून घेईल. पुढच्या वेळी सबमिशन बुडालं तरी चालेल.