त्या रविवारी दुसरीही मॅच होती!

१४ सप्टेंबर २०२५चा रविवार आठवतोय? आठवणारच! दुबईतली भारत-पाकिस्तान मॅच, आशिया कप आणि नंतर न झालेलं ते हॅण्डशेक. सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी दुसरा विषय नव्हता. पण त्याच दिवशी चीनमध्ये, हांगझोऊला, भारत आणखी एका आशिया कपची फायनल खेळला. महिला हॉकीची. आणि त्या टीममध्ये दोन पोरी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या होत्या. नावं सांगा बरं! नाही ना जमत? टेन्शन नको, मलाही आधी एकच माहीत होतं.

मी तेव्हा मालवणात होते. गणपतीला गेले आणि वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली तिथेच रेंगाळले. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. घरात विसर्जनाची धांदल, नैवेद्याची घाई, आणि मी झांजा बाजूला ठेवून मोबाईलवर भारत-जपानचा स्कोअर रिफ्रेश करतेय. काकांनी पकडलंच.

‘‘काय बगतंस गो?’’

‘‘हॉकीचो स्कोर, काकानू. आपली मॅच आसा.’’

‘‘ती तर बिहारात चालू हा मा?’’

‘‘ती पुरुषांची. ही चेडवांची, चीनात.’’

‘‘चेडवांची? माका कोणी सांगलाच नाय!’’

काकांची काय चूक? राजगीरला पुरुष हॉकीचा आशिया कप, हांगझोऊला महिलांचा, आणि लगेच ९ तारखेपासून क्रिकेटचा. तीन आशिया कप एकाच महिन्यात! त्यात कुणाला किती फुटेज मिळालं हे वेगळं सांगायला नको.

जपानची ती मॅच मात्र जाम भारी झाली. दहाव्या मिनिटाला जपानचा गोल. तिसाव्या मिनिटाला ऋतुजा पिसाळने बरोबरी साधली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला जपान पुन्हा पुढे. हॉकीची मॅच साठच मिनिटांची, म्हणजे खेळ खल्लास! पण साठाव्या मिनिटाला नवनीत कौरने गोल ठोकला आणि २-२. मी इतक्या जोरात ओरडले की आजीला वाटलं, बाप्पाला उचललं!

त्याआधी थायलंडला ११-० आणि नंतर सिंगापूरला १२-० धुतलं, ते सोडून द्या. खरी मजा १० सप्टेंबरला आली. कोरियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी फाळकेचा गोल, आणि शेवटचा गोल ऋतुजाचा. मॅच ४-२. चारातले दोन गोल एकट्या फलटणचे!

वैष्णवी फलटण तालुक्यातल्या आसू गावची, शेतकऱ्याच्या घरातली. ऋतुजाही फलटणचीच. भारताच्या जर्सीत खेळलेली अक्षता ढेकळेही तिकडचीच. एका तालुक्यातून तीन इंटरनॅशनल हॉकीपटू, हा काही मटका लागलेला नाही. लहान वयात कुणीतरी हातात स्टिक दिली, रोज मैदानावर उभं केलं. पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीसारखी जागा असते, जिथे राहणं, जेवण, शाळा आणि प्रॅक्टिस असं सगळं सरकार बघतं. २०२३ साली जपानमध्ये ज्युनियर आशिया कप जिंकलेल्या टीममध्ये वैष्णवी आणि ऋतुजा दोघी होत्या. २०२४च्या नोव्हेंबरात राजगीरला चीनला १-० हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, त्यातही वैष्णवी होतीच. आणि ही परंपरा आजची नाही हं. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकीचं सोनं आणणाऱ्या टीमची कॅप्टन होती पुण्याची एलिझा नेल्सन.

आमच्याकडे? आमच्या शाळेत हॉकी स्टिक पाहिली ती फक्त हिंदी पिक्चरच्या मारामारीत. संध्याकाळी किनाऱ्यावर माडाच्या पिड्याची बॅट करून क्रिकेट चालतं. पोरी लाटेत गेलेला बॉल आणून द्यायला. आम्हीही तेच केलं. वाळूवर हॉकीचा बॉल धावत नाही हे कबूल, मोठ्या स्पर्धांना तर टर्फच लागतं. पण टर्फ फार पुढची गोष्ट झाली. स्टिक कोण देणार, इथेच गाडी अडते.

आणि स्टिक मिळाली तरी ती धरून ठेवायची कशाच्या जोरावर? जेमिमा रॉड्रिग्ज एके काळी महाराष्ट्राच्या वयोगटातल्या टीममधून हॉकी खेळायची. तिने क्रिकेट निवडलं आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला. तिला कोण नावं ठेवेल? मी तर सेमीफायनलमधल्या तिच्या नाबाद १२७ धावांवर फिदा आहे.

असो. फायनल. पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर नवनीतचा गोल! समोर चीन, पॅरिस ऑलिम्पिकची सिल्व्हर मेडलिस्ट टीम. त्यांनी एकामागून एक चार मारले. ४-१. चॅम्पियनला २०२६च्या वर्ल्ड कपचं थेट तिकीट होतं, तेही त्यांनाच गेलं. आपल्या पोरींच्या वाट्याला सिल्व्हर आणि पुढे क्वालिफायरचा वळसा.

रात्री काका टीव्हीसमोर बसले होते, पाकिस्तानची मॅच सुरू व्हायची वाट बघत.

‘‘तुझ्या चेडवांचा काय झाला गो?’’

‘‘हरली. चार-एक.’’

‘‘एक कोणी घातल्यान?’’

‘‘नवनीतान. पयल्याच मिनटाक.’’

‘‘पयल्याच मिनटाक?’’ काकांनी चष्मा लावला. ‘‘दाखव बगूया, कसो घातल्यान तो.’’

मी क्लिप शोधून मोबाईल त्यांच्या हातात दिला. मागे टीव्हीवर टॉस चालू होता.